हलक्या हाताचा डॉक्टर : विल्यम सदरलँड

सौंसर आणि पांढुर्णा ह्या भागात आपल्या शहरातल्या पुष्कळ जुन्या घरांची सोयरीक आहे. हा मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांचा. पुढे तो छिंदवाडा जिल्ह्यात गेला, आणि २०२३ साली पांढुर्णा हा निराळा जिल्हा होऊन सौंसर तालुका त्यात आला. कचेरीचा कारभार हिंदीतून चालतो, घरात मात्र मराठी, तीही वऱ्हाडी वळणाची. तिथल्या जुन्या घरांतून अद्याप बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला बाई येते. पाय पसरून ती पाटावर बसते, बाळाला पायांवर घेते, टाळू तेलाने भरते, आणि दोन्ही तळव्यांत डोके अलगद धरून त्याला गोलाई देते. हे डोके दाबून गोल करणे आजच्या डॉक्टरांना मान्य नाही, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. पण त्या बाईच्या हाताला एक गोष्ट ठाऊक असते : तान्ह्या मुलाची कवटी म्हणजे सांधलेले मडके नव्हे, तिची हाडे अजून सुटी आहेत, आणि बोटाखाली ती किंचित हलतात.

मोठेपणी ती हलतात काय? प्रश्न साधा दिसतो. ह्या एका प्रश्नापायी अमेरिकेतल्या एका गृहस्थांनी आपले सगळे आयुष्य खर्ची घातले. त्यांचे नाव विल्यम गार्नर सदरलँड. क्रेनिओसेक्रल थेरपी म्हणून जो हलक्या हाताचा उपचार आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही मिळू लागला आहे, त्याचे मूळ ह्या माणसापाशी आहे. क्रेनियम म्हणजे कवटी आणि सेक्रम म्हणजे कमरेच्या तळाचे तिकोनी हाड, त्रिकास्थि. रुग्णाला कपड्यांनिशी निजवतात, उपचार करणारा त्याच्या डोक्याखाली किंवा कमरेखाली तळवा ठेवतो आणि बराच वेळ जवळजवळ काहीच करीत नाही. रगडणे नाही, ताणणे नाही, हाडाचा कडकड आवाज नाही.

सदरलँड यांचा जन्म २७ मार्च १८७३ रोजी विस्कॉन्सिन प्रांतात पोर्टेज काउंटीत झाला. घरची स्थिती बेताची होती. त्यांच्या लहानपणची एक गोष्ट त्यांच्या चरित्रात येते. भावंडांनी बटाट्याचे वाफे खणून झाले म्हणून सांगितले की वडील त्यांना त्याच वाफ्यांत पुन्हा खणायला लावीत, आणि दुसऱ्या खेपेसही मातीतून बटाटे निघतच. आणखी खणत राहायचे, हा धडा त्यांनी जन्मभर मानला आणि पुढे आपल्या विद्यार्थ्यांनाही तोच दिला.

तेराव्या वर्षाच्या सुमारास ते दक्षिण डाकोटातल्या ब्लंट ह्या गावी एका वृत्तपत्राच्या छापखान्यात उमेदवारीला लागले. खिळे जुळवणे, शाई लावणे, झाडलोट करणे, सगळेच. तिथून चढत चढत ते मिनेसोटातल्या ऑस्टिन गावच्या दैनिकाचे संपादक झाले. हा माणूस मूळचा छापखान्यातला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. खिळ्याच्या पाठीवर किती रेघा आहेत, दोन खिळ्यांमध्ये केसभर फट राहिली काय, हे बोटाने ओळखण्याचा तो धंदा. बोटांचे शिक्षण वैद्यकाच्या शाळेत जाण्याआधीच तिथे झाले असले पाहिजे, असे मला वाटते. आमच्या वडिलांचेही तसेच होते. संस्थान विलीन झाले तेव्हा ते पोरसवदा होते, आजोबांमागे दरबारी हजेरीला बसत. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. तानपुऱ्याची जवारी लावताना घोडी आणि तार यांच्यामध्ये ते रेशमाचा दोरा सरकवीत. तो डोळ्यांनी पाहून सरकवता येत नाही. तारेतला झंकार बोटाला कळावा लागतो.

१८९८ साली सदरलँड यांनी संपादकाची खुर्ची सोडली आणि मिझूरी प्रांतात कर्क्सव्हिल येथील ऑस्टिओपॅथीच्या शाळेत नाव घातले. ह्या शाळेचे संस्थापक डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल. त्यांच्याविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. स्टिल हे खेडोपाडी औषधे देत फिरणारे डॉक्टर. १८६४ साली मेंदूज्वराच्या साथीत त्यांची तीन मुले गेली. घरात औषधांची पेटी होती, आणि तिच्यातले एकही उपयोगी पडले नाही. त्या दिवसांत पारा, अफू आणि दारू हेच निम्मे वैद्यक होते. औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. शरीराची हाडे, सांधे आणि स्नायू आपापल्या जागी असले की रक्त नीट वाहते आणि देह स्वतःला दुरुस्त करतो, असा सिद्धांत त्यांनी १८७४ साली मांडला, आणि १८९२ साली शाळा काढली. त्यांचे हात पाहण्यासाठी लांबलांबून रोगी आगगाडीने कर्क्सव्हिलला उतरत. सिद्धांत अर्धा खरा, अर्धा अतिरेकी. पण शिकवणे मात्र जुन्या उस्तादासारखे : विद्यार्थ्याने एकेक हाड डोळे मिटून, नुसत्या स्पर्शाने ओळखले पाहिजे, हा त्यांचा दंडक होता.

त्या शाळेच्या दालनात एक कवटी मांडून ठेवलेली होती. तिची हाडे एकमेकांपासून सुटी करून, तारांवर थोड्याथोड्या अंतराने बसवलेली. मेंदूची पेटी आठ हाडांची आणि चेहरा चौदा हाडांचा, ते सगळे अशा कवटीत उमललेल्या फुलासारखे दिसते. १८९९ च्या सुमारास एके दिवशी तिच्यापुढून जाताना सदरलँड थबकले. कानशिलाचे हाड आणि त्याच्या पुढचे पतंगाच्या आकाराचे हाड जिथे भिडतात तिथल्या कडा त्यांना तिरप्या, तासल्यासारख्या दिसल्या. त्यांना त्यात माशाच्या कल्ल्यांचा भास झाला. कल्ले म्हणजे श्वासाची जागा. ह्या कडा अशा तासलेल्या आहेत त्या अर्थी त्या हलण्यासाठी असाव्यात, आणि डोक्याच्या आतही कसले तरी श्वसन चालत असावे, असा विचार त्यांच्या मनात चमकून गेला. विचार वेडगळ होता, असे त्यांचे स्वतःचेच मत पडले. मोठ्या माणसाची कवटी सांधून एकजीव होते, असे शरीरशास्त्राची पुस्तके सांगत होती.

आपल्या सुश्रुतानेही मस्तकाच्या ह्या शिवणी पाहिल्या होत्या. डोक्याला विभागणारे पाच सांधे तो सांगतो, त्यांना सीमन्त म्हणतो आणि मर्मांत त्यांची गणना करतो. तिथे जपून असा, इतकाच त्याचा रोख. त्या हलतात असे त्याने म्हटलेले नाही.

१९०० साली सदरलँड पदवी घेऊन बाहेर पडले आणि मिनेसोटातल्या मँकेटो गावी त्यांनी दवाखाना मांडला. पुढची वीस-पंचवीस वर्षे पाठदुखी, मानदुखी, मुरगळलेले घोटे, असा एखाद्या तालुक्याच्या गावच्या डॉक्टराचा संसार. कवटीचा विचार मनातून जाईना. तेव्हा त्यांनी तो खोटा ठरवायचे मनावर घेतले, आणि मला ह्या माणसाविषयी आदर वाटतो तो इथे. कवटी हलत नाही हे एकदा सिद्ध केले म्हणजे आपण मोकळे झालो, असा त्यांचा हिशेब होता.

त्यासाठी त्यांनी स्वतःचेच डोके कामाला लावले. लोणी मळण्याचे लाकडी वाडगे, फूटबॉल खेळणाऱ्यांची कातडी शिरस्त्राणे, पट्टे, बकले असे सामान जमवून त्यांनी नाना तऱ्हेच्या टोप्या तयार केल्या. टोपी चढवून तिचा पट्टा आवळायचा, म्हणजे कवटीचे ठराविक हाड दाबले जाई. मग काय होते ते टिपून ठेवायचे. कधी डोके उठे, कधी मळमळे, कधी स्वभावात चमत्कारिक फरक पडे. हा शेवटचा फरक त्यांच्याहून त्यांच्या पत्नी अडाबाई यांच्या अधिक लक्षात येई. १९२४ साली त्यांचे लग्न झाले होते. नवे लग्न झालेल्या बाईंनी संध्याकाळी घरात यजमान डोक्याला लाकडी वाडगे बांधून बसलेले पाहावे, हा प्रसंग आपल्याकडच्या एखाद्या विनोदी लेखकाच्या हाती लागायला हवा होता. बाईंनी मात्र सगळे निमूटपणे पाहिले आणि ध्यानात ठेवले.

प्रयोगांतून सदरलँड यांची खात्री उलटच झाली. कवटीची हाडे किंचित हलतात. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या पाण्यात तरंगतात त्या पाण्याला भरती-ओहोटी असते. मेंदूवरची जाड पडदी दोरखंडासारखी ताण धरून असते. आणि हीच ओढ थेट कमरेच्या त्रिकास्थीपर्यंत पोहोचते, अशी त्यांची मांडणी झाली. छातीच्या श्वासाहून हे निराळे, मूळचे श्वसन, असे ते मानीत. त्याची लय मिनिटाला सुमारे दहा. नाडी सत्तर-बहात्तरची, श्वास पंधरा-सोळाचा, आणि त्याखाली ही अतिविलंबित. मी गाणे शिकवणारा माणूस, वैद्यकात माझा अधिकार नाही. पण देहात तीन लयी एकावर एक चालतात ही कल्पना गवयाच्या मुलाला भुरळ घालणारी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्यांच्या व्यवसायबंधूंना तशी भुरळ पडली नाही. सदरलँड यांनी लेख लिहिले, काही टोपणनावाने लिहिले, सभांतून भाषणे केली. ऐकणारे सौजन्याने ऐकत आणि विसरून जात. १९३९ साली त्यांनी ‘द क्रेनियल बोल’ हे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचीही दखल फार कोणी घेतली नाही. वय सहासष्ट. चाळीस वर्षे उराशी धरलेल्या विचाराला मूठभर श्रोते. दुसरा कोणी कडवट झाला असता.

चाळीस ते पन्नास ह्या दशकात चित्र पालटले. शिष्य जमू लागले, वर्ग भरू लागले, त्यांच्या पद्धतीची संस्था उभी राहिली. ह्या उतारवयात त्यांचे पुष्कळसे काम तान्ह्या मुलांवर झाले. अवघड बाळंतपणात ज्यांच्या डोक्यावर ताण आला, जी दूध नीट ओढीत नाहीत, जी सारखी रडतात, अशी मुले त्यांच्याकडे येत. त्यांचा हातही ह्या काळात हलका होत गेला. आरंभी ते हाड जागेवर बसवू पाहत. अखेरीस नुसता तळवा ठेवून आतली हालचाल होऊ देत. त्या शक्तीला त्यांनी बायबलातून नाव घेतले, त्याचा अर्थ आपल्या प्राण ह्या शब्दाजवळ जातो. इथे शास्त्र सुटले आणि श्रद्धा सुरू झाली. ज्यांना गुरूची थोरवी गायची आहे ते ह्या वळणावर फार रमतात. मला पट्टे आवळून बसलेला, स्वतःलाच खोटे ठरवू पाहणारा सदरलँड अधिक जवळचा वाटतो.

आता ह्या सगळ्यात खरे किती, हे सांगितले पाहिजे. मेंदूभोवतीचे पाणी आहे, ते मोठ्या माणसात सुमारे दीडशे मिलिलिटर असते, दिवसाला त्याच्या तिपटीहून अधिक तयार होते आणि शोषले जाते. नाडीबरोबर आणि श्वासाबरोबर ते हेलकावते हेही आता यंत्रांनी दिसते. पण हाडांचे काय? २००६ साली सशांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उपचारात देतात तेवढाच, म्हणजे पाच ते वीस ग्रॅमांचा ओढा कवटीला दिला. शिवण लक्षात येण्याइतकी हलली नाही, आतला दाबही तसा बदलला नाही. आणि लयीचे काय? १९९४ साली अमेरिकेत तीन उपचारकांनी त्याच बारा माणसांची ही मूळ लय मोजली. एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळेना. १९९८ साली दोघांनी एकाच माणसाला एकाच वेळी हात लावून मोजले, एकाने डोक्याशी, दुसऱ्याने पायांशी, तरीही तेच. आमच्या धंद्यात दोन तबलजींनी एकाच ठेक्याच्या मात्रा वेगवेगळ्या मोजल्या तर आपण ठेक्याला दोष देत नाही. ठेका वाजतच नसेल, असेही एकदा म्हणून पाहावे लागते. मोजणाऱ्याच्या स्वतःच्या बोटांतली नाडी, त्याचा स्वतःचा श्वास, हेही त्या स्पर्शात मिसळतात.

मग लोकांना बरे वाटते ते खोटे काय? तसेही नाही. २०१६ साली जर्मनीतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. जुनाट मानदुखीचे चौपन्न रोगी घेतले. काहींना हा उपचार दिला, काहींना नुसता हलका खोटा स्पर्श. खऱ्या उपचाराने दुखणे अधिक उतरले. चाचणी लहान, आणि इतर पाहण्यांतून पुरावा दुबळाच निघाला आहे. पण दुखऱ्या माणसाला तासभर शांत निजवून, न घाई करता, कोणी हात लावला तर अंग सैल पडते, झोप लागते, भीती कमी होते, ह्यात नवल नाही. बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांचे नाव आपल्या वडीलधाऱ्यांना व्यायामगुरू म्हणून ठाऊक आहे. स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० ह्या काळात त्यांच्यापाशी शिकले. पण मोडलेली हाडे आणि निखळलेले सांधे बसवण्यातही माणिकरावांची ख्याती होती. अशा हातांची आपल्याला परंपरा आहे, म्हणूनच हलक्या हाताच्या नव्या उपचाराकडे आपली माणसे चटकन वळतात.

आणि इथेच सौंसर-पांढुर्ण्याचा विषय पुन्हा येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जांब नदीवर गोटमार असते. पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात; एका काठाला पांढुर्णेकर, दुसऱ्या काठाला सावरगावकर, आणि दिवसभर दगडांचा वर्षाव. दरवर्षी माणसे जखमी होतात, मृत्यूही झालेले आहेत, आणि सरकारला काठावर डॉक्टरांची पथके बसवावी लागतात. माझा एक विद्यार्थी त्या बाजूचा, तबल्यात चांगला हात असलेला. एका वर्षी त्याला कानामागे दगड लागला. टाके पडले, जखम भरली, पण डोके जड राहू लागले आणि रियाजाला बसले की ठणके. सौंसरच्या माझ्या थोरल्या आत्याच्या घरी ह्यावर बैठक भरली. कोणी जामसावळीला निजलेल्या मारुतीच्या पायांशी नेऊन ठेवा म्हणाले; तिथे मनाचे आजारी महिनोन्‌महिने राहतात. पुण्याहून आलेल्या एका नातेवाइकांनी ह्या क्रेनिओसेक्रल उपचाराचे नाव काढले. नुसता हात ठेवतात, अपाय काहीच नाही, असे त्यांचे म्हणणे. बाकीच्यांना ते पटत आले होते. मुलाची आई गप्प होती. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिले, कारण मी असल्या विषयांची पुस्तके वाचतो हे त्यांना ठाऊक.

मी जे वाचले होते ते सांगितले. डोक्याला मार लागलेला असताना, कवटीला तडा किंवा आत रक्तस्रावाची शंका असताना हा उपचार करू नये, असे त्या पद्धतीचे शिकवणारेच सांगतात. हलका हात अपाय करीत नाही हे बहुधा खरे. पण त्याच्या भरवशावर घालवलेले आठ दिवस अपाय करतात. मुलाला दुसऱ्या दिवशी नागपूरला नेले, डोक्याचे स्कॅन काढले. आत काही निघाले नाही. डॉक्टरांनी विश्रांती, गोळ्या आणि मानेचे व्यायाम सांगितले. त्यानंतर तो त्या नातेवाइकांच्या ओळखीने पुण्याला चार वेळा हलक्या हाताच्या उपचारालाही जाऊन आला. मी त्याला अडवले नाही. टेबलावर निजल्यावर कित्येक महिन्यांत पहिल्यांदा शांत झोप लागली असे त्याने सांगितले. डोके कशाने उतरले, गोळ्यांनी, व्यायामाने, झोपेने की काळाने, हे मला सांगता यायचे नाही. तीन तालाचा कायदा आता तो पुन्हा पूर्ण लयीत वाजवतो. गोटमारीला मात्र तो अजून जातो. काठावर उभा राहतो, एवढाच फरक.

सदरलँड यांच्या मागे ह्या विद्येच्या दोन शाखा झाल्या. एक ऑस्टिओपॅथीच्या डॉक्टरांपुरती राहिली. दुसरी जॉन अपलेजर ह्या डॉक्टरांनी बाहेर आणली. १९७१ साली एका रोग्याच्या मानेची शस्त्रक्रिया चालू असताना कण्यातली पडदी संथ लयीत हलताना आपण पाहिली, असे त्यांनी सांगितले. पुढे मिशिगन राज्य विद्यापीठात त्यांनी त्यावर काम केले, त्यास क्रेनिओसेक्रल थेरपी हे नाव दिले, पाच ग्रॅमांहून अधिक दाब नको असा नियम घातला, आणि १९८५ साली फ्लॉरिडात स्वतःची संस्था काढून डॉक्टर नसलेल्यांनाही शिकवायला आरंभ केला. जगभर जो पसारा झाला तो ह्यांच्यामुळे. २०१२ साली ते वारले.

स्वतः सदरलँड अखेरची वर्षे कॅलिफोर्नियात समुद्रकाठी पॅसिफिक ग्रोव्ह ह्या गावी राहिले. शरीर थकले होते, शिष्य भेटायला येत. २३ सप्टेंबर १९५४ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. लाकडी वाडगे बांधून बसलेल्या यजमानांना निमूटपणे पाहणाऱ्या अडाबाईंनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले. ते १९६२ साली छापून आले. विचार करणाऱ्या बोटांनी, अशा अर्थाचे नाव बाईंनी त्याला दिले.